बसा, मंग आवळतो

अंबादास मिस्तरीच्या हातचा चहा मी आयुष्यात एकदाच प्यायले आणि तो मला अजून पुरला आहे. काचेच्या ग्लासवर बाहेरून चार बोटांचे काळे ठसे होते. ते मी मन घट्ट करून सोसले. चहा संपत आला तेव्हा तळाशी एक लोखंडी वायसर दिसला. मी ग्लास खाली ठेवला. अंबादासनं आत बोट घालून वायसर काढला, शर्टाला पुसला आणि उजेडात धरून बघितला. "सकाळधरनं हुडकून राह्यलो होतो ह्याला," असं म्हणून त्यानं तो खिशात टाकला. माझी माफी वगैरे मागायचं त्याच्या मनातही आलं नाही.

मी भोकरदनला एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माहेर जालन्याचं, नोकरी इथली. शेजारी बसून कुणी गुटख्याची पुडी फोडली तर मी जागा बदलते, आणि हॉटेलातल्या पाण्याला मी आजवर तोंड लावलेलं नाही. अशा बाईनं अकरा वर्षं अंबादास मिस्तरीच्या शेडात जाऊन उभं राहावं, हे माझ्या घरच्यांना कधी पटलं नाही. खरं तर मलाही पटत नव्हतं. दर वेळी घरी आल्यावर मी चपला अंगणात धुवायचे, आणि गाडी वाजायला लागली की पुन्हा तिथंच जायचे.

शेड जाफराबाद रस्त्याला, कडुनिंबाखाली होतं. चार खांब, वर पत्रे, मध्ये काळ्या दगडांनी बांधलेला लांबट खड्डा. खड्ड्यावर गाडी उभी करायची आणि अंबादासनं खाली उतरायचं. उंच, वाळका, मानेत वाकलेला माणूस. हात पुसायला त्याला फडकं लागत नसे, तो डोक्याला पुसायचा. त्यामुळं साठीला आला तरी त्याचा एक केस पांढरा दिसत नव्हता. तंबाखू थुंकायला त्यानं ऑइलचा रिकामा डबा ठेवला होता, पण नेम बरा नसल्यामुळं डबा स्वच्छ आणि भोवतीची जमीन तपकिरी झाली होती. सगळ्यांत वाईट म्हणजे, दुकानातून आणलेला नवा रबरी बुश तो आधी दाढेखाली धरून चावायचा. रबर चांगलं असलं तर मान हलवायचा. डुप्लिकेट निघालं तर थू करून म्हणायचा, "चप्पल हाय ही." मग त्या थुंकीसकट तो बुश आपल्या हातात परत द्यायचा, बदलून आणायला.

आणि गंमत अशी की या माणसाला जगातली झाडून सगळी घाण दिसायची, फक्त स्वतःची सोडून. "घाण केली" हे त्याचं वाक्य. दुसऱ्यानं दुरुस्त केलेली गाडी खड्ड्यावर आली की खालून आधी हे दोन शब्द वर यायचे. "शिसारी येती बगा," हे त्याच्या पुढचं. तो शेतकऱ्याच्या घरातला. भाऊ अजून शेत करतात. यानं शेती का सोडली असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, शेणाचा वास सोसंना. हे सांगताना त्याच्या कोपरापासून ग्रीस ठिबकत होतं.

मी त्याच्याकडं पहिल्यांदा गेले ती नाइलाजानं. आमच्या कॉलेजातल्या एका निवृत्त सरांची जुनी गाडी मी घेतली होती. खड्ड्यातून गेली की पुढून खडखड आवाज यायचा आणि ब्रेक मारला की ती एका बाजूला ओढायची. जालन्याला दोन ठिकाणी दाखवलं. दोघांनीही बुश बदलले, दोन्ही वेळा चार महिन्यांत खडखड परत आली. तिसऱ्यांदा कुणीतरी अंबादासचं नाव सांगितलं, वर असंही सांगितलं की जाताना रुमाल घेऊन जा.

बुश म्हणजे काय ते मला तोवर ठाऊक नव्हतं. चाक ज्या लोखंडी हाताला धरलेलं असतं, तो हात गाडीला जिथं जोडतात त्या सांध्यात रबराचा एक जाड गोळा असतो. त्याच्या बाहेरून पोलादाची नळी आणि आतून पोलादाची नळी. आतल्या नळीतून बोल्ट जातो. चाक वरखाली झालं की रबर थोडं पिळतं आणि परत जागेवर येतं. गुडघ्यातली गादी जे काम करते तेच हे. अंबादासनं माझ्या गाडीचं रबर काढून तळहातावर ठेवलं, तर ते अर्ध्या चंद्रासारखं फाटलेलं होतं.

"लटकावून आवळलंय," तो म्हणाला आणि डब्याच्या शेजारी थुंकला.

मग त्यानं मला समजावलं. गाडी जॅकवर उचलली की चाकं खाली लोंबतात. मिस्तरी लोक तसाच नवा बुश बसवतात आणि तिथंच बोल्ट कचकून आवळून टाकतात, कारण त्या वेळी पाना फिरवायला जागा मिळते. मग गाडी खाली ठेवली की चाकं वर जातात, पण आतली नळी तर आवळून बसलेली. म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी रबर पिळलेलं. रोज पिळलेलं, झोपेतसुद्धा पिळलेलं. ते चार महिन्यांत फाटणार नाही तर काय होणार? बोल्ट नुसता अडकवून ठेवायचा, गाडी तिच्या पायावर उभी करायची, रोजच्याएवढं ओझं तिच्यावर द्यायचं आणि मग शेवटचं आवळायचं. यात भौतिकशास्त्र होतं, आणि ते मला एका तंबाखूनं दात काळे झालेल्या माणसानं शिकवलं, याचा मला त्या दिवशी रागच आला.

"लटकावून आवळलंय" ही त्याची सगळ्यांत मोठी शिवी होती. ती तो गाडीपुरती ठेवत नसे. नवा रस्ता सहा महिन्यांत उखडला, लटकावून आवळला. कुणाच्या पोरीचं लग्न घाईत उरकलं आणि ती माघारी आली, लटकावून आवळलं. एकदा आमच्या कॉलेजचा बारावीचा निकाल पडला तेव्हा मला म्हणाला, "तुमची पोरं बी लटकावून आवळलेली हायेत म्याडम. खाली ठेवली की पिळत्यात."

त्याचं काम बघताना मात्र मी नाकाचा रुमाल विसरायचे. जुना बुश काढायला बाकीचे लोक गॅसची ज्योत लावून रबर जाळतात. काळा धूर होतो आणि तो वास तीन दिवस कपड्यांतून जात नाही. नाहीतर घणानं ठोकतात, मग लोखंडी हातच वाकडा होतो. अंबादासकडं आटे पाडलेली एक लांब सळई होती, दोन जाड नट, आणि तारेत ओवलेले पाइपाचे तुकडे. हे तुकडे त्यानं बोअरच्या जुन्या पाइपांतून, बेअरिंगच्या कड्यांतून स्वतः कापले होते. जुन्या बुशाच्या एका बाजूला त्याच्यापेक्षा मोठा तुकडा, दुसऱ्या बाजूला त्याच्यापेक्षा किंचित लहान, मधून सळई, आणि मग पाना सावकाश फिरवायचा. बुश आवाज न करता सरकत सरकत मोठ्या पाइपात येऊन बसायचा. काढण्याआधी तो खडूनं रेघ मारून ठेवायचा, कारण काही बुशांना तोंड असतं, म्हणजे ते एकाच दिशेनं बसतात, आणि फिरवून बसवले की काम वाया. नवा बसवताना रबराला साबणाचं पाणी. कुणी तेलाचा डबा पुढं केला तर अंगावर यायचा. रबराला तेल म्हणजे विष, ते आधी फुगवतं आणि मग सडवतं. साबण कुठला, तर अंघोळीच्या उरलेल्या वड्या. त्यांना चिकटलेले केसही मी पाहिले आहेत.

कुल्फीचं प्रकरण याच काळातलं. शेडासमोर एक कुल्फीवाला उन्हाळ्यात गाडा लावायचा. मी एकदा स्टाफरूमसाठी आठ कुल्फ्या घेतल्या, आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या, कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेले तर अंबादास उठला, कुल्फीवाल्याच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि बर्फातून प्लास्टिकच्या पिशवीतले दोन बुश काढले. गार झालं की पोलादी नळी केसभर आक्रसते आणि सळईनं गुमान आत जाते. ती किती आक्रसेल हे मी वर्गात फळ्यावर गणित करून दाखवते. तरीही मी रुमाल तोंडाला लावला. पिशवी काल पण त्यातच होती का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कालचे दुसऱ्या गाडीचे होते. हे आजचे." स्टाफरूममध्ये मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पण लोक त्याला ओळखायचे ते शेवटच्या आवळण्यामुळं. शेवटी गाडी खड्ड्यावर चाकांवर उभी राहायची आणि तो मालकाला म्हणायचा, "बसा, मंग आवळतो." मालकानं त्याच्या रोजच्या जागेवर बसायचं. रोज बायको बरोबर असेल तर बायकोनंही. मग हा खाली उतरायचा. पाना करकरायचा आणि काम झालं की खालून पान्यानं दोनदा टकटक व्हायची. टकटक झाल्याशिवाय कुणी उतरायचं नाही.

एकदा तीर्थपुरीकडचे एक बागायतदार लग्नाला निघाले होते, गाडी वाजायला लागली म्हणून इथं थांबले. पाटील, त्यांची आई, बायको आणि मागं दोन मुली, सगळे भरजरी कपड्यांत. बुश बदलून झाले आणि अंबादासनं विचारलं, पुढं कोण बसतं? पाटील चिडले, दोन पोती सिमेंट टाक म्हणाले. "पोतं काय तुमच्या घरी राहतं का?" अंबादास म्हणाला. मग पाटलीणबाई हळूच म्हणाल्या की आत्याबाई, म्हणजे सासूबाई, बसतात. म्हातारी उसळली. मी कवा बसते गं, सणासुदीलाच तर निघते मी घरातून, एरवी तर तूच बसतीस. सुनेनं सांगितलं की जेव्हा जेव्हा आत्याबाई गाडीत असतात तेव्हा तिला मागंच बसावं लागतं. पाटील आभाळाकडं बघत होते. अंबादास खड्ड्याच्या काठावर पाय सोडून शांत बसला होता, हातात पाना घेऊन. त्याला खरंच उत्तर हवं होतं. अखेर म्हातारीनं पुढचं दार उघडलं, सुनेला म्हणाली, "बस बाई, गाडी तरी नीट होऊ दे," आणि स्वतः मागं जाऊन बसली.

ते गेल्यावर मी त्याला सांगितलं की दोन बायकांच्या वजनात जो काही दहा-बारा किलोंचा फरक असेल त्यानं रबराला काही होत नाही, सिमेंटची पोती चालली असती. तो म्हणाला, "तेवढं मला कळतं म्याडम. पण मालक वर बसल्याबिगर त्याला कळत न्हाई की खाली काय चालू हाय. न्हाईतर चाय प्यायला जातो आन् येऊन म्हणतो, झालं का जल्दी."

त्याचा मुलगा संतोष जालन्याला आयटीआय करून आला होता. तिशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा, बोलायला गोड. त्यानं जालना रस्त्याला स्वतःचं गॅरेज काढलं. फरशी, पंखा, बसायला खुर्च्या, आणि गाडी छातीएवढी उचलणारी लिफ्ट. मला ते बघून बरं वाटलं होतं हे कबूल करते. अंबादास उद्घाटनाला गेला, नारळ फोडला, लिफ्टखाली उभा राहून वर बघत राहिला आणि मुलाला एकच विचारलं, की बुश कुठं आवळणार? संतोषनं वर बोट दाखवलं. लिफ्टवर गाडी चढली की चारी चाकं लोंबतात आणि उभ्या उभ्या, मान न वाकवता, सगळे बोल्ट आवळता येतात. अंबादास त्या नव्या फरशीवर थुंकला. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं जेवणापुरतं उरलं.

आमच्या संस्थेच्या शाळेच्या गाड्या संतोषकडं गेल्या. त्यातली एक जुनी व्हॅन खेड्यांतल्या मुलींना आणायची. एका सकाळी अंबादासनं ती बसस्टँडसमोर ब्रेक लावताना डावीकडं ओढलेली पाहिली. आदल्या आठवड्यातच तिचे पुढचे बुश संतोषकडं बदलले होते. तो मुलाकडं गेला, मग व्हॅनच्या ड्रायव्हरकडं गेला, मग संस्थेच्या ऑफिसात गेला. ऑफिसात त्याला खुर्ची दिली नाही. त्याचे कपडे बघता मी पण दिली नसती. तिथून तो माझ्याकडं कॉलेजात आला. पायरीवर उभा राहूनच बोलला, आत आला नाही.

"म्याडम, त्या गाडीत बावीस पोरी असत्यात. ब्रेकला वढून राह्यली ती. पुलावर समोरून ट्रक आला तर कुठं जाईल? तुम्ही एक शब्द सांगा ऑफिसात. तुमचं ऐकतील ते."

मी सांगते म्हणाले. त्या दिवशी मीटिंग होती, दुसऱ्या दिवशी परीक्षेचं काम. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या दारापर्यंत गेले आणि आत संतोष अध्यक्षांशी हसून बोलत होता, म्हणून परत आले. नोकरीच्या ठिकाणी एखाद्या कंत्राटाविरुद्ध बोलण्याचे परिणाम मला माहीत होते. हे सगळं मी आता लिहिते आहे, त्या वेळी मात्र मी स्वतःलाही इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले होते. बसस्टँडसमोर गर्दी होती. व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी, चारी चाकांना दगड लावलेले, ड्रायव्हर बाहेर, आणि गाडीची किल्ली अंबादासच्या तोंडात. दातांत किल्ली धरून तो मुलींना सांगत होता की माय, कुणी उतरायचं न्हाई, आपापल्या जागेवर बसायचं. मग तो पाठीवर झोपला आणि व्हॅनखाली सरपटत गेला. गटारीचं पाणी तिथपर्यंत आलेलं होतं. त्याच पाण्यात त्याची पाठ होती.

त्याला काय हवं होतं हे त्या गर्दीत फक्त मला कळलं होतं. गाडी तिच्या चाकांवर होती, रोजचं ओझं तिच्यात होतं. बोल्ट सैल करून जागेवर आवळायला इतकंच लागत होतं. बाकी लोक मोबाइल काढून हसत होते. कुणी म्हणालं म्हातारा प्यायला आहे, कुणी म्हणालं मुलावर सूड उगवतोय. मुली खिडकीतून बघत होत्या, त्यातली एक लहान रडायला लागली. उजव्या बाजूनं पाना करकरला. मग टकटक झाली. मुलींना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, त्यामुळं कुणी हललं नाही.

तेवढ्यात संतोष मोटारसायकलवर आला. पांढराफटक झाला होता. बापाचे पाय बाहेर दिसत होते. त्यानं आधी खाली वाकून हाका मारल्या, बाबा बाहेर या, इज्जत घालवू नका. आतून उत्तर आलं की डावी बाजू राह्यली. संतोष उभा राहिला, त्यानं गर्दीत पाहिलं आणि त्याला मी दिसले.

"म्याडम, तुम्ही सायन्सच्या हायेत," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा सगळ्यांना. लिफ्टवर आवळलं त्यात काय चुकलं?"

गर्दी माझ्याकडं वळली. संस्थेचे एक पदाधिकारीही तिथं गाडीतून उतरून उभे होते. पान्याची करकर थांबली होती. अंबादास खाली ऐकत पडला होता.

"मला गाड्यांमधलं काय कळतंय," मी म्हणाले.

मग ड्रायव्हरनं आणि आणखी दोघांनी पाय धरून त्याला ओढून बाहेर काढलं. शर्ट वर सरकला आणि पाठ सोलवटली. तो उठून बसला. गटारीचा चिखल केसांत, कानांत, तोंडात. मला वाटलं आता तो थुंकेल, माझ्या दिशेनं थुंकेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, किल्ली शर्टाला नीट पुसली, ड्रायव्हरच्या हातात दिली आणि तो चालत निघून गेला. त्या दिवशी मी वर्गात बल आणि पीळ शिकवला आणि घरी जाऊन दोनदा अंघोळ केली.

व्हॅन उलटली नाही, पुलावर काही झालं नाही. कुणालाच काही सांगता येईल असं काहीच घडलं नाही. तीन महिन्यांनी ड्रायव्हर मला सहज म्हणाला की डाव्या बाजूचा बुश परत फाटला, बदलावा लागला. उजव्या बाजूचा अजून नव्यासारखा आहे, काय नशीब असतं एकेकाचं. एकच गाडी, एकच रस्ता, एकाच दुकानातले दोन बुश. एक जमिनीवर आवळलेला, एक लटकावून. याहून स्वच्छ प्रयोग मी प्रयोगशाळेतही कधी करून दाखवलेला नाही. मी ड्रायव्हरला म्हणाले, हो ना, नशीब.

अंबादासच्या शेडात मात्र कुणी येईनासं झालं. मोबाइलवर ते चिखलातलं चित्र गावभर फिरलं होतं. पत्रे उतरले, खड्डा बुजवला, तिथं आता रसवंती आहे. सळईचं आणि पाइपांच्या माळेचं काय झालं हे मी विचारलं नाही.

या उन्हाळ्यात माझी गाडी पुन्हा वाजायला लागली. मी संतोषकडं गेले. आणखी कुठं जाणार होते? मागच्या अंगाला कुणीतरी रबर जाळत होतं, काळा धूर पंख्याखालून पुढं येत होता, आणि मी रुमाल नाकाला लावला. भिंतीशी खुर्चीत अंबादास बसला होता. पांढरा सदरा, पांढरं धोतर, केस पिकून पांढरे झालेले. हात मांडीवर ठेवले होते. नखं कापलेली, तळवे धुतलेले, बोटं लहान मुलासारखी गुलाबी. अकरा वर्षं ज्या हातांची मला किळस आली ते हात असे स्वच्छ बघणं मला वायसरच्या चहापेक्षाही जड गेलं.

संतोषनं गाडी लिफ्टवर घेतली, बुश बदलले आणि, मी बघत होते, बोल्ट नुसते अडकवून ठेवले. मग गाडी खाली घेतली आणि पुढं सरकवून खड्ड्यावर उभी केली. लिफ्टच्या शेजारी एक खड्डा नव्यानं खणलेला होता. त्यानं बापाकडं न बघता हाक मारली, बाबा, बसा. अंबादास उठला, आला आणि माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसला. दिवसभर तो हेच करत असावा, कारण त्याचं बसणं सवयीचं होतं. येईल त्या गाडीत बसायचं, टकटक झाली की उतरायचं.

मी दाराशी गेले. दोन वर्षं तोंडात धरून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं.

"मिस्तरी, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं."

"ते मला माहीत होतं," तो म्हणाला. धुरामुळं त्याचे डोळे बारीक झाले होते. "तुम्हाला बी माहीत होतं."

मग त्यानं दार उघडलं आणि खाली उतरला. खाली खड्ड्यातून संतोष विचारत होता, की बसले का, आवळू का? अंबादासनं माझ्यासाठी दार धरून ठेवलं.

"तुमची गाडी हाय," तो म्हणाला. "तुम्ही बसा."

मी बसले. पायाखाली पाना करकरला. आरशात तो खुर्चीकडं परत जाताना दिसत होता. चालता चालता त्यानं दोन्ही हात वर केले आणि केसांना पुसले. हातांना काहीच लागलेलं नव्हतं. खालून दोनदा टकटक झाली, तरी मी तशीच बसून राहिले, आणि संतोषला वर येऊन सांगावं लागलं की झालं म्याडम, आता उतरा.